बत्तीस पाकळ्या लसूण

"उलट!" शी पोयेनने कागदाकडे ओझरतं पाहिलं आणि बशी पुढे सरकवली. "लसूण!"

ल्याओ पेइशानने डोळे मिटून कच्ची पाकळी चावली. एकतिसावी.

तैवानमधल्या जियायी शहरात लसूण आणि हिशेब या दोन्हींचा उच्चार एकच, 'स्वान'. म्हणून परीक्षेला बसणारे विद्येच्या देवापुढे लसूण ठेवतात. पेइशानने स्थापत्य अभियंत्याच्या परवान्यासाठी तिसऱ्यांदा फॉर्म भरला, तेव्हा आईने पिशवीभर गड्डे देवळातून आणून दिले. प्रसाद वाया कशाला घालवायचा म्हणून ऑफिसातल्या पोयेनने खेळ काढला: ज्याचं गणित चुकेल त्याने एक पाकळी खायची. तोही परीक्षेला बसलेला. सराव त्याच्या आत्याच्या टर्कीभाताच्या दुकानात, उत्तरं त्याच्या वहीतून.

"आकडा बरोबर," तो म्हणाला. "पण सज्ज्याच्या तुळईची मोमेंटची आकृती वर हवी. तू खाली काढलीस."

गेल्या वर्षीही तिचं घोडं इथेच अडलं होतं. तुळईला वाकवणाऱ्या जोराची ही आकृती वर काढायची की खाली, या शंकेत खोडत बसली आणि वेळ संपली.

"या वेळी नापास झाले तर बाबा गावी नेणार. पेरूंना पिशव्या बांधायला."

"तुझ्या तोंडाच्या वासाने कीड आपोआप पळेल."

घरी तिने जुने कागद पसरले. आकडे बरोबर, बाजू मात्र एकतीसच्या एकतीस वेळा उलट. हे तिला पटेना. चुकणारा माणूससुद्धा अधूनमधून चुकून बरोबर येतोच की! इतकं नेमाने चुकायचं, तर नियमच वेगळा असला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पोयेन भात आणायला उठला तशी तिने वही ओढली. पहिली दोन पानं स्टेपल केलेली. तिने नखाने पिन काढली. आत लिहिलं होतं: 'इथे आकृती ताणाच्या बाजूला काढली आहे. काही पुस्तकांत दाबाच्या बाजूला असते. दोन्ही बरोबर. कोणती, ते लिहावं.'

तिने वही होती तशी ठेवली आणि पुढची आकृती मुद्दाम ताणाच्या बाजूला काढली.

"उलट!" पोयेन न बघताच म्हणाला. "लसूण!"

"वहीत बघ."

त्याने बघितलं. तिने पहिलं पान उघडून दाखवलं. त्याचे कान लाल झाले.

"अगं, पण लसणाच्या धाकाने तुझा आकडा एकदा तरी चुकला का?"

"आत्या, ऐकलंत? भाच्याने एकतीस पाकळ्या फुकटच्या चारल्या मला!"

आत्या डाव घेऊन आल्या. "तरीच! गिऱ्हाईकं विचारतायत, भातात लसूण वाढवलात का म्हणून! आता तूच खायच्या, मोज रे मेल्या. एकतीस, आणि ही आजची बत्तिसावी."

परीक्षेच्या दिवशी सकाळी त्याने शेवटच्या पाच संपवल्या. पेइशानच्या पुढच्या बाकावर तो बसला आणि पर्यवेक्षकबाईंनी खिडक्या उघडल्या. प्रश्न तुळया-खांबांच्या चौकटीचा होता. तिने आधी एक ओळ लिहिली, 'आकृती ताणाच्या बाजूला', मग पेन्सिल चालवली. खोडरबर पिशवीतून निघालंच नाही.

उत्तीर्णांच्या यादीत दोघांचीही नावं आली. बाबा पेरूची टोपली घेऊन दुकानात आले, पण लेकीला न्यायला नाही. पोयेनने टोपलीकडे हात नेला.

"थांब," पेइशान म्हणाली. "पेरू कोणत्या बाजूने खायचा?"

"ताणाच्या?" तो चाचरत म्हणाला.

"उलट!" आतून आत्या ओरडल्या. "लसूण!"