कवटी उतरली त्याची गोष्ट

मारुंजीत एड्सवर कार्यक्रम करायचा म्हटलं, की एकनाथरावांच्या अंगात यायचं. गावच्या आरोग्य समितीचे अध्यक्ष ना ते! डीजे, रॅली आणि चौकात कवटीचा भलामोठा फ्लेक्स. कवटीखाली एकनाथरावांचा हसरा फोटो. कार्यक्रम यशस्वी झाला हे ओळखायचं कशावरून? वडापाव संपले, म्हणजे झाला!

"गेल्या वर्षी पाचशे संपलं," बैठकीत ते मिशीवर ताव देत म्हणाले. "औंदा हजार सांगू. आन् कवटी डबल!"

आरोग्यसेविका निखतताईंनी वही उघडली. "भाऊ, आधी महिन्याला वीसजण तपासणीला यायचे. कवटी लागली आणि आले दोन."

"म्हंजी लोकं सुधारली!"

"घाबरली! तेही रोगाला नाही, तपासणीला." ताई म्हणाल्या, "शेजारच्या नेरे गावात आम्ही आठ-आठ जणांना घेऊन चार-चार वेळा बसलो. निरोध कसा वापरायचा, बायकोशी कसं बोलायचं, सगळं मोकळेपणी. ही पद्धत आधी काही गावांत करून, न केलेल्या गावांशी ताडून पाहिलेली आहे. जिथं केली तिथं निरोध वापरणारे वाढले, तपासणारेही वाढले."

"आन् वडापाव?"

"चहा मिळेल."

"ह्यॅ! माणसाला भ्या पायजे, भ्या!"

बैठक काही न ठरताच मोडली. सगळे गेले, एकनाथराव मात्र चपला शोधत रेंगाळले. चपला पायातच होत्या.

"ताई, माझा एक दोस्त हाय. टेम्पोवर डायवर असताना बाहेरगावी, बाईच्या नादानं पाय घसरला त्याचा. तपासायला तीनदा आला, पन चौकात ती कवटी बघून माघारी फिरला."

"कुणी लावली हो ती कवटी?"

एकनाथराव छताकडं बघू लागले.

"दोस्ताला सांगा," ताई हळूच म्हणाल्या, "वेळेत कळलं तर रोज गोळ्या घेऊन माणूस चांगला म्हातारा होतो. नाव कुठं फुटत नाही. आणि भाऊ, त्याच्या बायकोचाही जीव आहे ना!"

एकनाथरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अरेरे, एवढं साधं वर्षभर कुणी सांगितलंच नव्हतं! त्यांनी स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवला आणि नेऱ्याची पद्धत समितीत मंजूर करून घेतली. दुसऱ्या दिवशी दोस्त तपासणीला आला. एकटाच, मिशी मात्र हुबेहूब एकनाथरावांचीच!

निकाल काय लागला म्हणता? ते विचारायचं नसतं, मंडळी! विचारायचं ते हे, की आपल्या गावातल्या कार्यक्रमानं माणसं खरोखर बदलतात, हे कुणी पडताळलंय का? पडताळलं असेल तोच निवडा. वडापाव काय, कशानंही संपतात.