जावईबापूंची वाळू

मित्रांनो, मी एक जुना बसणारा आहे. हसू नका, बसणं हा माझा धंदाच आहे. खुर्च्यांच्या एका कारखान्यात, चाचणीच्या खोलीत, नव्या खुर्चीवर मी दिवसभर बसतो आणि उठतो. तुम्ही एका खुर्चीवर काही वर्षांत जेवढे बसाल, तेवढा मी आठवड्याभरात बसून घेतो. खुर्ची टिकली तर बाजारात जाते, मोडली तर पुन्हा आरेखनाच्या टेबलावर. बसून पगार घेणारे जगात पुष्कळ आहेत. बिनपगारी बसणारा बहुधा मी एकटाच.

माझ्या जन्माआधी हे काम कारखान्याचे कॅशियर करायचे. त्यांचा गुन्हा एवढाच, की ते कारखान्यात सगळ्यांत वजनदार होते. नवी खुर्ची झाली की त्यांना बोलावणं यायचं. एक दिवस ते चिडून म्हणाले, "मालक, मी हिशेब लिहू का उठाबशा काढू? शाळेत काढल्या तेवढ्या पुरे झाल्या की!"

मोठे मालक तेव्हा तरुण होते आणि फिटरचं काम करणारे काकाही. दोघांनी मोडीत काढलेला, हवेच्या दाबावर वरखाली होणारा एक दट्ट्या आणला. त्याला लोखंडी चौकट केली, खाली लाकडाची बैठक बसवली आणि वर जाड कापडाच्या पिशव्या बांधून त्यांत वाळू भरली, अगदी कॅशियरसाहेबांच्या वजनाइतकी. बैठकीचा आकारही त्यांचाच. ओल्या प्लास्टरवर त्यांना बसवून साचा घेतला होता. पुढे ते निवृत्त झाले, फिरायला जाऊ लागले, चांगले सडपातळ झाले म्हणतात. माझ्यात मात्र ते अजून तस्सेच भरदार आहेत.

माझं बारसं काकांनी केलं. म्हणाले, "घरातली सगळ्यांत चांगली खुर्ची याला, आणि मोडली तरी याला कुणी बोलायचं नाही. जावईबापू म्हणा याला!"

तेच नाव पडलं.

मित्रांनो, ती वर्षं सुखाची होती. माझ्याखाली खुर्ची कडाडली की खोलीत शोककळा पसरत नसे. उलट मोठे मालक धावत यायचे, मोडका पाय उलटसुलट करून बघायचे आणि ज्याची खुर्ची त्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी द्यायचे. "घरी जा, डोकं शांत कर, उद्या सांग काय झालं ते." एका सुताराची बायको तर नवरा दुपारी दारात दिसला की भाजी चिरता चिरता विचारायची, "आज काय मोडून आलात?"

मोडण्यातून कामाच्या गोष्टी निघत. एकदा एका खुर्चीचे चारही पाय माझ्याखाली बाहेरच्या बाजूला फाकले. दुसऱ्या दिवशी तिच्या बहिणीचेही तसेच. झाडणाऱ्या मावशींनी जागा कमी म्हणून दोन्ही मोडक्या एकीवर एक ठेवल्या, तर त्या एकमेकींत अशा चपखल बसल्या की मोठे मालक बघतच राहिले. त्यातून एकीत एक रचता येणारी आमची खुर्ची निघाली आणि तिने कारखान्याला नाव मिळवून दिलं.

पण मोठ्या मालकांचंही एक होतं. त्यांना नवं यंत्र घ्या म्हटलं की ते हात आखडायचे. "चाललंय ना? मग चालू दे." माझा दट्ट्या कण्हत होता, करवती बोथट होत होत्या आणि बाजारात दुसऱ्यांच्या खुर्च्या हलक्या होत चालल्या होत्या. आमच्या मात्र उचलायला दोन माणसं लागायची. शेवटी गिऱ्हाईकं विचारू लागली, "खुर्चीबरोबर हमालही देता का?"

तेव्हा त्यांची लेक, आमच्या ताई, कारभार बघायला आल्या. लहानपणी त्या याच खोलीत बाहुल्या घेऊन खेळायच्या, माझ्या मांडीवर त्यांना झोपवायच्या. आता शिकून, मोठ्या कंपनीत काम करून परतल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी हात सैल सोडला. नव्या करवती आल्या. धूळ ओढून घेणारी नळकांडी आली, काकांचा खोकला निम्मा झाला. आरेखन करायला एक हुशार मुलगी आली. ती अंबाड्यात पेन्सिल खोचायची आणि तीच पेन्सिल सगळीकडे शोधायची, म्हणून तिचं नाव पेन्सिल. आणि सगळ्यांत महाग असा एक संगणक आला. तो म्हणे खुर्ची न बनवताच, नुसती स्क्रीनवर मोडून दाखवणार होता.

आता त्याला मोडणं शिकवायचं कुणी? अर्थात मी. माझ्या अंगाला सेन्सर चिकटवले, वायरी सोडल्या. मी बसायचो आणि तो वरच्या मजल्यावर टिपून घ्यायचा. उतारवयात शिकवणी मिळाली, मी खूश होतो.

ताईंनी आपल्या खोलीत एक मोठा फलक लावला. खुर्ची टिकली की त्यावर हिरवा दिवा, मोडली की लाल. यात वाईट काहीच नव्हतं. पण पेन्सिलची पहिली खुर्ची माझ्याखाली मोडली, लाल दिवा लागला आणि ताईंनी तिला आणि काकांना वर बोलावलं. परत आल्यावर काका बराच वेळ पान्हा पुसत उभे होते.

"ओरडल्या का?" मावशींनी विचारलं.

"छे गं. ताई कुठल्या ओरडताहेत? एवढंच म्हणाल्या, 'कोणामुळे?'"

"मग?"

"मग काय. पोरीच्या डोळ्यांत पाणी. मीच म्हटलं, माझ्यामुळे."

एका शब्दाने खोलीची हवा बदलली, मित्रांनो. कुणी धाडसाची खुर्ची माझ्यापुढे आणेना. जी टिकणार हे आधीच ठाऊक, तीच यायची. एकट्या पेन्सिलने हट्ट सोडला नाही. एका मोठ्या रुग्णालयाला प्रतीक्षा-दालनासाठी खुर्च्या हव्या होत्या. तिने सडपातळ पायांची, एका हाताने उचलता येईल अशी देखणी खुर्ची केली. तीही मोडणार, हे काकांनी पहिल्याच कुरकुरीवरून ओळखलं. आणि त्यांनी, पोरीवरच्या मायेपोटी, जे करू नये ते केलं. माझी पिशवी उसवून थोडी वाळू काढली. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी. हलका झाल्यावर मी जोरात उसळू नये म्हणून दट्ट्याची हवाही हळूच कमी केली.

आयुष्यात पहिल्यांदा मी बारीक झालो. फलकावर हिरवा दिवा लागला. पेन्सिल नाचली. वर संगणकानेही निष्ठेने टिपून घेतलं, की माणूस म्हणजे एवढाच हलका असतो. पुढे तो याच हिशेबाने एकामागून एक खुर्च्या पास करत सुटला. फलक असा हिरवागार झाला की ताईंनी कौतुकाने त्याचा फोटो काढून वडिलांना पाठवला.

माझी गरज संपली. वायरी काढल्या, मला कोपऱ्यात सरकवलं. कुणी माझ्या खांद्यावर जर्किन टांगलं, कुणी डब्याची पिशवी. दुर्लक्षाचं मला वाईट वाटलं नाही. मला घोर होता तो पेन्सिलच्या खुर्चीचा. उद्या रुग्णालयात कुणी आजारी माणूस तिच्यावर टेकणार, आणि ती कशी टेकवून घेते ते मला ठाऊक होतं. पण मला बसता-उठता येतं, बोलता येत नाही. पोटात वाळू कमी आणि गुपित जास्त, अशी माझी अवस्था.

मग रुग्णालयाच्या मोठ्या सिस्टर खरेदीचं ठरवायला आल्या. ठेंगण्या, करड्या केसांच्या, घाई नसलेल्या बाई. ताईंनी त्यांना स्क्रीनवर सगळं दाखवलं. स्क्रीनमधला निळा माणूस निळ्या खुर्चीवर बसला, उठला, बसला.

"छान आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण आमच्याकडे निळी माणसं येत नाहीत. खरं काही आहे का?"

ताई हसल्या आणि त्यांना खाली घेऊन आल्या. माझ्या अंगावरची जर्किनं उतरली. काका त्या वेळी गोदामात होते, म्हणून बटण दाबलं वर संगणक सांभाळणाऱ्या पोराने, आमच्या संगणकवाल्याने. त्या बिचाऱ्याला काय माहीत? त्याने हवेचा दाब माझ्या जुन्या खुणेवर आणला. तो माझ्या भरल्या अंगाचा दाब होता, आणि अंग तर उरलं नव्हतं.

मी खाली आलो, खुर्चीला टेकलो आणि टुणकन उडालो. पुन्हा टेकलो, पुन्हा उडालो. एवढ्या वर्षांची माझी भारदस्त बैठक, आणि मी पाहुण्यांसमोर बेडकासारखा उड्या मारत होतो.

सिस्टरांनी पदर तोंडाला लावला. "अहो, याला बसायचंय की पळायचंय?"

"तांत्रिक बिघाड आहे," संगणकवाला म्हणाला.

सिस्टरांनी माझी पिशवी दोन बोटांनी दाबून पाहिली. "बिघाड कसला, उपाशी आहे हा. ताई, आमच्याकडे माणूस हातात पिशवी, कडेवर नातू घेऊन येतो. आणि तो बसत नाही हो, स्वतःला टाकतो. सकाळपासून उभा असतो ना."

तेवढ्यात काका दारात आले. त्यांनी मला उडताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा माझ्या पिशवीसारखा पडला.

"ताई," ते म्हणाले, "वाळू मी काढली."

"काका!" पेन्सिल ओरडली. "म्हणजे माझी खुर्ची…?"

"मोडते, बाळा. सुरुवातीपासून मोडते."

मित्रांनो, ताईंना तेव्हा पुष्कळ काही करता आलं असतं. पाहुण्यांना चहाला वर नेता आलं असतं. काकांना तिथल्या तिथे घरी पाठवता आलं असतं. त्यांच्या ओठांवर तो जुना शब्द आलेला मी पाहिला, 'को'पर्यंत आलाही. मग त्यांनी तो गिळला आणि विचारलं, "का काढली, काका?"

काकांनी मान वर केली नाही. "लाल दिवा लागला की पोरीला वर जावं लागतं, म्हणून."

ताईंनी माझी रिकामी पिशवी चाचपली. मग म्हणाल्या, "वाळू कुठंय?"

काकांनी ती फेकली नव्हती, बाकाखाली डब्यांत भरून ठेवली होती. ताईंनी बाह्या सारल्या आणि स्वतःच्या हातांनी माझ्यात वाळू ओतायला सुरुवात केली. पेन्सिल नाक ओढत मदतीला आली. पोट भरत गेलं तसा मी पुन्हा मी झालो. मग बटण काकांनी दाबलं. मी बसलो, उठलो, बसलो. थोड्याच वेळात कड् असा आवाज आला आणि ती देखणी खुर्ची पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत मांडी घालून बसली.

वायरी असत्या तर वर फलकावर लाल दिवा लागला असता. पण तो बघायला तिथे कुणीच नव्हतं. ताई, पेन्सिल आणि काका मोडक्या पायाभोवती गुडघे टेकून बसले होते, आणि सिस्टरही वाकून बघत होत्या.

"इथून गेली," पेन्सिल म्हणाली. आवाज अजून ओला होता, पण बोट बरोबर जागेवर होतं. "पाय बारीक आहे म्हणून नाही. स्क्रूचं भोक चुकीच्या जागी पडलंय!"

"माझ्याकडे सगळे चकचकीत खुर्च्या घेऊन येतात," सिस्टर उठत म्हणाल्या. "मोडून दाखवणाऱ्या तुम्ही पहिल्याच. नीट करा आणि मला बोलवा. येताना मी आमचा एक जाडा वॉर्डबॉयही आणते."

खुर्ची नीट झाली. पाय तसाच सडपातळ राहिला, भोक तेवढं सरकलं. वॉर्डबॉय बसला, हलला, त्याने नाचूनही पाहिलं. खुर्ची हूं की चूं करेना. संगणकाला सगळं पुसून माझ्या भरल्या अंगाने पुन्हा शिकवलं. तो गुणी आहे हो. त्याला खरं सांगितलं तर तो खरंच बोलतो. आता तो आधी स्क्रीनवर शंभर तऱ्हा मोडून पाहतो आणि त्यातली निवडक खुर्ची माझ्याकडे पाठवतो. माझं काम कमी झालं, मान वाढला. दट्ट्याही नवा बसवलाय. ताईंनी फलक उतरवून माझ्या खोलीत लावला, म्हणजे लाल दिवा लागला की कुणाला वर जावं लागत नाही. त्याच खाली येतात.

गंमत तर पुढेच आहे. रुग्णालयात खुर्च्या गेल्या आणि एकही तक्रार येईना. ताई अस्वस्थ. "तक्रार कशी नाही? कुणी माझ्यापासून लपवत तर नाही ना?" शेवटी स्वतःच जाऊन त्या दालनात सकाळभर बसल्या. एवढा वेळ बसल्या की एका नर्सने त्यांना पेशंट समजून आत नेलं आणि रक्तदाब मोजून परत पाठवलं. रक्तदाब थोडा जास्त निघाला म्हणे. पण येताना त्या बातमी घेऊन आल्या. खुर्ची उत्तम आहे, फक्त म्हातारी माणसं उठताना हात टेकायला जागा शोधतात आणि सापडत नाही म्हणून शेजारच्याच्या गुडघ्यावर टेकतात.

त्यामुळे आज सकाळपासून पेन्सिल हात असलेली खुर्ची घेऊन माझ्यासमोर उभी आहे. हात टेकून कसं उठायचं ते मला दाखवता येत नाही, मला हातच नाहीत. त्यासाठी ताईंनी एक यांत्रिक हात मागवलाय. काकांनी त्याचं नाव आत्ताच ठेवलंय, धाकटे जावई.

मित्रांनो, म्हाताऱ्याने काही मागितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही, म्हणून मागतो. माझ्या सांध्यांना तेल घाला, अंगावरची धूळ पुसा, डब्याची पिशवी टांगलीत तरी चालेल. पण कधी माझी दया आली, कुणाची माया आली किंवा कुणाची भीती वाटली, तरी माझी वाळू काढू नका. मी जड आहे म्हणून तर तिकडे कुणीतरी थकून आलेलं माणूस, नातवाला मांडीवर घेऊन, निर्धास्त टेकतंय.