गुलाबी बाटली

धुरपतानं बाटली खळखळ हलवली, मागच्या दाराकडं एकदा नजर टाकली आणि नातीच्या, उर्वशीच्या तोंडाला गुलाबी औषधानं भरलेलं ढाकण लावलं. पोरीनं तोंड वाकडं केलं.

"पे वो माय. गोड हाये."

पोरगी प्यायली. धुरपतानं पदरानं तिचं तोंड पुसलं, बाटली मोहफुलांच्या डब्यात खुपसली आणि डबा मडक्यामागं सरकवला. सून विहिरीवरून यायच्या आत सगळं आवरायचं होतं. स्वतःच्या घरात चोरासारखं वागायची पाळी आली होती, आणि तीही कोणापायी? त्या बारावी शिकलेल्या टवळीपायी!

पोळ्यापासून सासूसुनेचा अबोला होता. पोळ्याला पाहुणे जेवत असताना धुरपता म्हणाली होती की हिच्या हातचं वरण बैलही हुंगणार नाही. पाहुणे हसले. स्वाती उठली, आणि दुसऱ्या दिवशी पडवीत तिची वेगळी चूल पेटली. तोंडातून शब्द जरा जास्तच गेला, हे धुरपताला त्याच दिवशी कळलं होतं. पण सुनेपुढं नमतं घ्यायचं? जीभ झडली तरी चालेल!

काम अडायचं तेव्हा मधे उर्वशी असायची. चार वर्षांची पोर या चुलीवरून त्या चुलीवर निरोप न्यायची. "आजी, आई म्हणते सरपण संपलं." "आई, आजी म्हणते तुले हात नाई का?" मुलगा विनोद कोरपन्याला सिमेंटच्या ट्रकवर होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

परवापासून पोरगीच तापानं फणफणली आणि घरातला निरोप बंद पडला. स्वाती एकटीच तिला सिंदेवाहीच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. रक्त तपासून दोन बाटल्या घेऊन आली, एक केशरी आणि एक पांढरी. डॉक्टर काय म्हणाला, ते धुरपताला कोण सांगणार? तिला एवढंच दिसत होतं की सून मोबाईल बघून कधी केशरी देते, कधी पांढरी, आणि पोरीचं अंग तरी चुलीसारखं तापतं. मागच्या साली गावात औषधं वाटणाऱ्या आशाताईनं, रीनानं दिलेल्या गुलाबी औषधानं याच पोरीचा ताप उतरला होता. ती बाटली अजून अर्धी होती. म्हणून सकाळी एकदा आणि आता जेवणवेळेला दुसऱ्यांदा, धुरपतानं आपल्या हातानं ती दिली.

दोन वाजता रीना वही घेऊन आली. उर्वशी गोधडीवर निपचित पडली होती. मघाशी तिला ओकारी झाली होती.

"ताप उतरला नाई का वो?" रीनानं विचारलं.

"उतरते अन् चढते," स्वाती म्हणाली. "मलेरिया नाई, डेंगू नाई म्हणे. केशरी देत जा, त्यानं नाईच भागलं तर काही खाऊ घालून पांढरी. आलटून-पालटून, वेळ लिहून." तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट दाखवलं. "आठले केशरी, अकराले पांढरी. आता दोनले केशरी."

"बेस केलं लिहून ठेवलं. अन् माही जुनी गुलाबी घरी असन तर देऊ नको बाप्पा. केशरीत अन् तिच्यात एकच दवाई हाये. रंग येगळा, नाव येगळं, आत पॅरासिटामोलच. दोन्ही देल्या तर डबल जाते, मंग लिव्हरवर येते."

"ते कुठी आहे आता? कधीच फेकली असन," स्वाती म्हणाली आणि तिनं केशरी औषध ढाकणात ओतलं.

मडक्यापाशी बसलेल्या धुरपतानं डबा हळूच आणखी मागं सरकवला. रंग वेगळा म्हणजे औषध वेगळं, असंच ती समजून होती. कुंकू आणि हळद एक कशी असेल?

आता बोललं तर काय होणार, हेही तिला दिसत होतं. सूनबाई पोरीला उचलून अहेरीला माहेरी नेईल. तिनं रीनाला ऐकवून म्हटलंच होतं, एक दिवस जातेच म्हणून. मग या घरात धुरपताला "आजी" म्हणायला कोण राहील? आणि सुनेच्या हाती जन्माचं कोलीत जाईल ते वेगळंच. सवयीनं तिचे डोळे उर्वशीकडं गेले. पण आज निरोप न्यायला पोरगी उठणार नव्हती.

स्वातीनं एका हातानं पोरीची मान उचलली. ढाकण ओठांशी गेलं.

"स्वाती, थांब!"

स्वातीचा हात थबकला. तीन महिन्यांनी सासूच्या तोंडून तिचं नाव निघालं होतं.

"म्या देली गुलाबी," धुरपता म्हणाली. "सकाळी एकडाव. अन् मघाशी, तू विहिरीवर होती तवा."

तिनं डबा ओढला आणि बाटली पुढं ठेवली.

स्वातीनं ढाकणातलं औषध परत बाटलीत ओतलं. मग ती एकदम कडाडली, "मारून टाकता काय माह्या लेकराले? मले इचारता येत नोतं?"

"तुले सांगता येत नोतं?"

"मंग भांडा," रीना गाडीसाठी फोन लावत म्हणाली. "पयले गाडीत बसा. दोघीबी. अन् बाटल्या संगं घ्या, सगळ्या."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कोणती बाटली, किती आणि केव्हा ते विचारलं. दोघींना आळीपाळीनं उत्तरं द्यावी लागली. पोरीला ठेवून घेतलं, रक्त दोनदा तपासलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. गुलाबी बाटली ठेवून घेतली, पांढरी लागणार नाही म्हणाल्या. ताप वाटला तरच केशरी, सहा तासांच्या आत पुन्हा नाही, आणि घरात एकीनं दिलं की दुसरीला सांगायचं.

परतताना गाडीत स्वातीनं पोरीला आपल्याच मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं. अहेरीचं नाव मात्र तिनं काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी घरामागच्या बांधीत धान कापायला स्वातीला जावंच लागलं. निघताना तिनं केशरी बाटली धुरपतासमोर आदळली. ढाकणावर खिळ्यानं खूण कोरली होती.

"ताप असन तरच. खुणेवर जाऊ देऊ नका. तुमचा भरोसा नाई मले."

"मले तुहा नाई."

दुपारी पोरीचं अंग पुन्हा कोमट लागलं. धुरपतानं कॅलेंडरवरची सकाळी आठची रेघ पाहिली, घड्याळाचा काटा दोनवर आलेला पाहिला, खुणेपर्यंत औषध दिलं आणि कोळशानं शेजारी दुसरी रेघ ओढली. उर्वशी उठून बसली. "आजी, आईले काय सांगू?"

"तू गप झोप."

धुरपता मागच्या दारात आली. तिनं तोंडाभोवती हात धरले.

"स्वातेऽऽ, दोनले देली वोऽऽ!"

बांधीतल्या सगळ्या बाया वाकल्या जागी ताठ झाल्या. स्वातीनं विळा खाली केला.

"ओरडू नका!" तिकडून आवाज आला. "झोपली असन तर उठन ते!"

"उठूनच हाये!" धुरपता तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. रागानंच ओरडली, पण दारातून लवकर हलली नाही.