डोंगराआडची गाबोळी

तेव्हा आमची बेटं एक देश नव्हती. ओरेना होतं, त्याच्या पूर्वेला लेपाती होतं आणि दोघांच्या मध्ये उथळ पाण्यातली खडपं होती. खडपांतले मासे दोघांचे. बाकी काही सामाईक नव्हतं. वर्षसुद्धा नाही, पण हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हतं.

मासे अंडी घालायच्या दिवसांत खडपं बंद होत. ओरेनावर नावा वाळूत ओढून झावळ्यांनी झाकून ठेवत. मग पहाटेच्या आकाशात कृत्तिकांचा पुंजका परत दिसेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नसे. त्या पुंजक्याला आम्ही गाबोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, म्हणतो. ती दिसली की खडपं उघडत आणि नवं वर्ष सुरू होई. ओरेनाचं गाव पश्चिम किनाऱ्यावर, डोंगर त्याच्या पाठीशी पूर्वेला. गाबोळी डोंगराच्या माथ्यावरून वर येई, म्हणून डोंगरच तिला जन्म देतो असं सगळे मानत. वर पूर्वज पुरलेले असल्यामुळे डोंगर चढायचा नाही, आणि पलीकडे नुसते कडे होते.

गाबोळी पाहून गावाला सांगायचं काम रुआवाईचं होतं. हे काम तिच्या आईकडून तिच्याकडे आलं होतं. पहाटे ती किनाऱ्यावरच्या एका ठरलेल्या धोंड्यावर बसे, हात लांब करून बोटं आडवी धरे आणि कुठला तारा माथ्यापासून किती बोटं वर आहे ते पाही. तिला माहीत होतं की कुठलाही तारा रोज त्याच वेळी पाहिला तर काल होता त्यापेक्षा अर्धं बोट सरकलेला असतो. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

त्या वर्षी राखणीच्या नावेने खडपांत एकाला पकडलं. सगळ्या गावाची तेवढीच एक नाव त्या दिवसांत पाण्यात असे, आणि तीही सूर्य डोंगरावर आल्यानंतर निघे. पकडलेल्या माणसाच्या नावेला तोल सावरायला जोडलेल्या उलांडीवर माशांच्या दोन भरलेल्या टोपल्या बांधलेल्या होत्या. तो तेफानो होता, रुआवाईचा धाकटा भाऊ. लेपातीच्या मुलीशी लग्न करून चार वर्षांपूर्वी तो तिकडेच राहायला गेला होता.

बंद खडपांत मासे मारणाऱ्याला तीन शहाळी देऊन, वल्हं न देता, ओहोटीबरोबर समुद्रात सोडत. मात्र सरत्या वर्षात कोणाला शिक्षा करायची नाही असा रिवाज होता. म्हणून तेफानोला नावांच्या छपरात बांधून ठेवलं. गाबोळी दिसली असं रुआवाईने सांगितलं की त्याच दिवशीच्या ओहोटीला त्याला सोडायचं ठरलं.

गप्प राहावं असं तिच्या मनात येऊन गेलं. पण दोन महिने गाव खड्ड्यात आंबवलेल्या नीरफणसावर जगत होतं, आणि पोरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. शिवाय डोळे काही तिला एकटीलाच नव्हते. ती लपवून लपवून किती लपवणार? एक दिवस, फार तर दोन.

पकडलं त्याच संध्याकाळी ती भाजलेल्या अळकुड्या घेऊन छपरात गेली. तेफानोने आधी खाऊन घेतलं. मग सांगितलं की गाबोळी आदल्या दिवशीच उगवली होती. सगळ्या लेपातीने पाहिली, ढोल वाजले, नावा निघाल्या. ओरेनाचे लोक दर वर्षी उशिरा उठतात असं तिकडे सगळेच म्हणतात, सासूबाई तर रोजच म्हणतात.

"आणि लेपातीवाले दर वर्षी भुकेने खोटं बोलतात असं इकडे म्हणतात," रुआवाई म्हणाली. "तू लहानपणी आईचं वल्हं मोडून ते शार्कने खाल्लं म्हणून सांगितलं होतंस."

"सात वर्षांचा होतो, ताई."

"आता तीस वर्षांचा आहेस. कशी दिसत होती?"

"कशी म्हणजे? गाबोळीसारखी. पाण्याला टेकलेली. लालसर. ताज्या माशाच्या पोटातून काढावी तशी."

तिला राग आला. गाबोळी पांढरी असते. तिने आयुष्यात कधी लाल गाबोळी पाहिली नव्हती, तिच्या आईनेही नाही. खोटंही धड बोलता येत नाही याला, असं मनाशी म्हणत ती घरी निघाली.

वाटेत सूर्य बुडाला. वारा पडला होता. समुद्र इतका स्थिर होता की आकाश कुठे संपतं ते कळत नव्हतं, आणि वाळूवरून चालताना आपण दोन्हींच्या मधून चाललो आहोत असं वाटत होतं. पश्चिमेला एक मोठा पांढरा तारा खाली उतरत होता. ती सवयीने थांबली. तारा पाण्याजवळ आला, पिवळा झाला, मग नारिंगी, मग विझत्या निखाऱ्यासारखा लाल, आणि पाण्यात शिरला. हे ती रोज पाहत आली होती. पाण्याजवळ आलेला प्रत्येक तारा लाल होतो. डोंगरावरून येणारा कधीच होत नाही.

म्हणजे लाल गाबोळी सुचायला ती पाण्यातून उगवताना पाहिलेली असायला हवी.

ती वाळूवर बसली. धोंड्यावरून डोंगराचा माथा पाण्याच्या रेषेपासून साडेसहा बोटं उंच होता. दिवसाला अर्धं बोट, म्हणजे तेरा दिवस. तेरा दिवस गाबोळी डोंगराच्या मागे असते, आणि तेवढे दिवस आपण तिची वाट पाहत असतो. डोंगर तिला जन्म देत नाही. तिने हा विचार पुन्हा पुन्हा करून पाहिला, कुठे चुकतो का ते पाहिलं. तो चुकत नव्हता.

चार दिवस ती गप्प राहिली. पाचव्या दिवशी ती माताहोरोकडे गेली. तो गावाचा प्रमुख, आणि तिचा सख्खा मामा. तो चटई विणत बसला होता. तिने सगळं सांगितलं. त्याचे हात थांबले नाहीत. भावासाठी माणूस काहीही मोजेल, असं तो म्हणाला. बंद दिवसांत नाव पाण्यात घालायची म्हणजे तीही तेफानोच्याच ओळीत बसेल, तेव्हा घरी जावं, असंही म्हणाला.

"मामा, उद्या पहाटे उत्तरेच्या टोकाला वळसा घालून जाऊ. तिथे डोंगर आड येत नाही. तिला उगवून उद्या सहा दिवस होतील, म्हणजे गाबोळी पाण्यापासून तीन बोटं वर असेल. नसली तर मला त्याच्याबरोबर सोडा."

"तीनच? चार नाही?"

"तीन."

माताहोरोने चटई खाली ठेवली. मग बराच वेळ कुरकुर केली: दात गेल्यापासून आपण नावेत बसलो नाही, नावेत पोट ढवळतं, आणि बहिणीची मुलं देवाने नक्की कशासाठी दिली आहेत ते मेल्यावर विचारणार आहे.

दोघांनीच एक लहान नाव काढली. पाणी काळं आणि कोमट होतं. वल्हं बुडालं की त्याच्याभोवती हिरवा उजेड फुटे आणि विरून जाई. डोंगर उजव्या अंगाने येऊन त्यांच्यावर झुकला होता, आणि जसजशी नाव टोकाकडे जाऊ लागली तसतसा तो हळूहळू मागे सरकू लागला. मोठं जनावर झोपेत कूस बदलतं तसा. दुरून खडपांवर फुटणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता.

टोक ओलांडलं आणि पूर्व उघडी झाली. पाण्याच्या कडेला राखाडी उजेडाची एक बारीक रेघ होती. तिच्या वर, काही आधार नसताना, गाबोळी टांगलेली होती. लहानशी, थोडी धूसर, पिवळसर. तिच्या मागे ना माथा होता, ना कडा. समुद्राला जणू कोणाच्या परवानगीची गरजच नव्हती.

माताहोरोने हात लांब केला. दुसऱ्या हाताने त्याने मनगट धरलं. त्याने एक बोट धरलं, दोन, तीन. मग परत मोजलं.

"माझी बोटं जाड आहेत," तो म्हणाला. "पण तीनच."

नाव आपोआप डुलत राहिली. उजेड वाढला आणि गाबोळी त्यात विरघळली. तेव्हा त्याने विचारलं, "मग डोंगर काय करतो?"

"मध्ये उभा राहतो, मामा."

परत येताना त्याने एकदाच सुचवून पाहिलं. तेफानोला वेड लागलंय असं सांगून सोडून देऊ. डोंगराचं कोणाला कळायला नको. ती वल्हवत राहिली. मग म्हणाली की पुढच्या वर्षी लेपातीचा दुसरा कोणी पकडला जाईल, आणि त्याची बहीण ओरेनावर नसेल. आजवर किती सोडले, मामा? माताहोरोला सहा आठवत होते. त्यातल्या दोघांना त्याने स्वतः ढकललं होतं. त्याने वल्हं उचललं आणि तोही वल्हवू लागला.

त्या सकाळी त्याने गावाला सगळं सांगितलं. लोक ओरडले नाहीत. बरेच जण नुसते वळून डोंगराकडे पाहत राहिले. एका म्हातारीने विचारलं, मग आमचं वय किती धरायचं? पुढे दोन्ही बेटांच्या लोकांनी खडपांत नावा एकमेकींना बांधून बोलणी केली. वर्ष एकच ठरलं आणि गाबोळी लेपातीवरून पाहायची असं ठरलं. तिथे ती दिसली की ते धूर करत आणि ओरेनाच्या टोकावरचा माणूस तो धूर पाहून गावाला कळवे. आमचा देश तिथून सुरू होतो, असं आम्ही मानतो. रुआवाईला मात्र त्यानंतर काही काम उरलं नाही.

त्याच सकाळी तेफानोचे दोर तिनेच सोडले. मनगटं सुजली होती, तिने खोबरेल लावलं. राखणदारांनी दोन्ही टोपल्या परत आणून दिल्या. त्यातले मासे केव्हाच सडले होते आणि तो त्यावरून त्यांची चेष्टा करत होता. बहिणीकडे त्याने पाठ केली होती. तिने नाव पाण्यात ढकलायला हात लावला, तेव्हा गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने तिच्याकडे पाहिलं.

"तुझा विश्वास बसला, पण रंगावर. माझ्यावर नाही."

तिला खोटं बोलता आलं असतं. तिने एकदा डोंगराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हो," ती म्हणाली.

तेफानोने मान हलवली, जणू एवढंच त्याला ऐकायचं होतं. तो नावेत चढला. त्याने वल्हं पाण्यात घातलं आणि तो उत्तरेच्या टोकाच्या दिशेने गेला. नाव टोकाआड जाईपर्यंत रुआवाई पाण्यात उभी राहिली. मग तिने हात लांब केला आणि त्याला आड करणाऱ्या त्या टोकाचा माथा आणि पाण्याची रेषा यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते मोजलं.