प्रभाविलासचा पडदा

"कुशाबा, आज सरकारी रीळ कापलंस तर परवाना जाईल, आणि दाखवलंस तर पडदा!" मॅनेजर शामराव केबिनच्या दारातूनच खेकसले. "खाली इन्स्पेक्टर येऊन बसलाय."

परळच्या प्रभाविलास टॉकीजमध्ये कुशाबाने आयुष्यभर सिनेमाचे यंत्र चालवले होते. खेळाआधी सरकारी बातम्यांची पट्टी दाखवणे सक्तीचे. एरवी तेवढा वेळ गिरणीवाले बाहेर विडी ओढत उभे राहायचे, कुणाचे काही अडत नव्हते. पण संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांवर जानेवारीत झालेल्या गोळीबारानंतर ते मुद्दाम आधी येऊन बसू लागले. पडद्यावर मंत्री दिसला की चपला सुटत. काल पडदा फाटला, त्याला कसेबसे ठिगळ लावले होते. पुन्हा फाटला तर टॉकीज बंद, आणि या वयात कुशाबाला दुसरीकडे कोण उभे करणार?

तो जिना उतरून बुधाजीकडे गेला. बुधाजी त्याचा गाववाला. पुढच्या रांगा त्याचे ऐकत. त्याचा धाकटा भाऊ त्या गोळीबारात गेला होता. दोघे भाऊ इथे नेहमी शेजारी बसत. आजही शेजारच्या खुर्चीवर बुधाजीने रुमाल टाकून ठेवला होता.

"बुधाजी, आजच्या दिवस चपला पायात ठेवा रे. माझ्या पोटाचा प्रश्न हाय."

"त्या मंत्र्याचं तोंड बघत गप बसू? मला नाय जमणार."

"मग नको बघू!" कुशाबा वैतागून म्हणाला आणि घाम पुसत वर आला.

पट्टी सुरू झाली. धरण झाले, देवीची लस झाली. मंत्री फीत कापायला पुढे आले आणि कुशाबाने डोळेच मिटले. चप्पल नाही, शिट्टी नाही. नुसत्या खुर्च्या करकरल्या.

त्याने झरोक्यातून पाहिले. सगळे थिएटर पडद्याकडे पाठ करून उभे होते. शेवटच्या रांगेत इन्स्पेक्टर अंग चोरून बसला होता. पडद्यावर मंत्री हसत होते, कुणाकडे बघून ते त्यांनाच ठाऊक.

पट्टी संपली, दिवे लागले. शामराव धापा टाकत वर आले. "पट्टी पूर्ण दाखवली, प्रेक्षक शांत होते, असंच लिहितो म्हणाला इन्स्पेक्टर! मराठी माणूस रे!"

कुशाबाचा जीव भांड्यात पडला. त्याला हसूच आवरेना. या झरोक्यातून त्याने आजवर लोकांच्या नुसत्या माना पाहिल्या होत्या. आज पहिल्यांदा तोंडे दिसली होती.

खाली सगळे बसले. बुधाजी तेवढा अजून केबिनकडे बघत उभा होता. मग वळून त्याने शेजारच्या खुर्चीवरचा रुमाल नीट केला आणि बसला.