निर्यात झालेला शब्द

हेमांगीने संगणकाच्या प्रोग्रॅमच्या मराठी अनुवादाची फाइल एक्स्पोर्ट केली की त्यातले शब्द घरातून निघून जात. ‘साठवा’ गेला त्या दिवशी डब्यांतली डाळ आपणहून ओट्यावर येऊन बसली, पुन्हा कोंबली तरी डब्यात राहीना. ‘मागे’ गेला आणि मागचं दार गेलं. तिथे आता कोरी भिंत होती. तिने भिंतीला हात लावून पाहिला आणि संगणकाच्या काळ्या खिडकीत पुढची आज्ञा टाईप केली. घेतलं काम अर्धवट टाकायचं कसं?

आणि निफाडात राहणाऱ्याला यात नवल ते काय वाटणार म्हणा! निर्यात म्हणजे निर्यात. चांगला कांदा बोटीवर चढला की गावाच्या वाट्याला बारीक चिंगळीच उरते.

आज सकाळच्या खेपेत ‘थांबा’ गेला, आणि त्याच्या पाठोपाठ ‘येतो’. प्रोग्रॅम बंद करायच्या बटणावर तिनेच तो लिहिला होता. घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणतो का कधी? काम देणाऱ्या कंपनीतल्या धनावडेबाईंनाही ते फार आवडलं होतं, घरगुती वाटतं म्हणाल्या होत्या.

तिचा नवरा विश्वंभर कांद्याच्या शेडवर निघाला होता. पायात चप्पल सरकवून त्याने रोजच्यासारखं तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

“काय झालं?” तिने विचारलं.

“शब्द सापडत नाही गं.”

हेमांगीने धनावडेबाईंना फोन लावला. “बाई, एक शब्द परत द्या. माझ्या नवऱ्याला संध्याकाळी घरी यायचंय.”

“कोणता शब्द?”

तिलाही तो म्हणता येईना.

“तो होय,” बाई म्हणाल्या. “माल बंदर सोडून गेला हो. तुमच्याकडे ‘जातो’ आहे की. तो कोणी मागितलेलाच नाही.”

फोन ठेवला तोवर खोली आखडत आली होती. भिंती उंबऱ्याकडे सरकत होत्या आणि विश्वंभरला पाठीने हळूहळू बाहेर ढकलत होत्या. हेमांगीने त्याची बाही घट्ट धरली. तिला त्याला अडवायचं होतं, पण तो शब्दही सकाळीच गेला होता.

“काही बोलू नका,” ती रडत म्हणाली. “मुकाट्याने जा.”

“असं न सांगता कसं निघायचं?” तो म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटत होतं. “जातो.”

बाही तिच्या हातातून सुटली. तो पायऱ्या उतरला, अंगणात उभा राहिला, आणि वर तिच्याकडे पाहून त्याने अदबीने विचारलं, “बाई, आत्ता तुमच्या घरातून कोण गेलं हो?”