हिरवं वाण

जागा वाचवायची म्हणून आमच्या ह्यांनी कुंड्यांत भाजी लावली, आणि त्या वाचलेल्या जागेत मला पाय ठेवायलासुद्धा जागा उरली नाही. हसू नका. तुमच्या घरातला माणूस अजून रिटायर व्हायचाय, म्हणून हसताय.

एकतीस वर्षं आम्ही परळला एका खोलीत काढली. तिथं बसायचं म्हणजे कॉटवर, आणि कॉटवर कायम कोणीतरी झोपलेलं. नवी मुंबईत, उलव्यात फ्लॅट बघायला आलो तेव्हा मी ना ओटा बघितला, ना बेडरूम. गॅलरी बघितली. सात बाय चार. म्हटलं, इथं एक खुर्ची टाकायची, संध्याकाळी चहा घेऊन अर्धा तास बसायचं, आणि तेवढ्या वेळात मला कोणी "अगं, ऐकलंस का" म्हणायचं नाही. दागिना मागितला नाही हो मी. अर्धा तास मागितला.

बसले. पाच महिने राणीसारखी बसले. मग हे, म्हणजे श्रीयुत सुधीर निकम, विमा कंपनीतून रिटायर झाले. आठव्या दिवशी मोबाईलवर कुणातरी उत्साही माणसाचा व्हिडिओ बघितला. 'जमीन नाही? काळजी नाही!' माझी काळजी तिथूनच सुरू झाली.

आधी एकच मिरची आली, कुंडीतून. मग पेंटच्या बादलीत टोमॅटो, पोत्यासारख्या काळ्या पिशवीत वांगं, थर्माकोलच्या खोक्यात मेथी, पाण्याचा जार मधोमध कापून त्यात पालक. जमीन भरली तशी भिंत धरली. पाइपाला भोकं पाडून त्यात कोथिंबीर. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी! माझी खुर्ची आधी कोपऱ्यात गेली, मग घडी होऊन दाराआड, मग माळ्यावर.

"अहो, माझी बसायची जागा गेली," मी म्हटलं.

"कोकोपीट मातीपेक्षा हलकं असतं गं, नारळाचा भुसाच तो," हे म्हणाले. "स्लॅबवर लोड येत नाही."

चार दिवसांनी परत सांगितलं, तर म्हणाले, "टोमॅटोला रोज सहा तास ऊन लागतं." माणसाला किती लागतं ते व्हिडिओत नव्हतं वाटतं. असं मी सात महिने सांगत होते. कधी चिडून, कधी गोडीत, एकदा तर रडून. रडले तेव्हा ह्यांनी मला कडुनिंबाच्या अर्काचा वास झोंबला असं समजून खिडकी उघडली.

बरं, शेतकऱ्याचाच मुलगा हा! कोरेगावजवळ घरची जमीन आहे. पण तरुणपणी खुरपं दिसलं की ह्यांच्या पोटात दुखायचं, रान सगळं धाकट्या दिरांनी सांभाळलं. आता तेच गृहस्थ भावाला फोन करून मातीचा कस समजावतात. दीर बिचारे "हो दादा, हो दादा" म्हणतात आणि फोन ठेवून वाफ्याला पाणी द्यायला जातात.

आणि पीक? पहिलं वांगं आलं तेव्हा त्याचे चौदा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडले. "भरलं वांगं कर," हे म्हणाले. एका वांग्याचं! केलं बाई. अर्धं ह्यांच्या ताटात, अर्धं माझ्या. पोट भरायला बटाट्याची भाजी होती, ती बाजारातली. तिचा फोटो कोणी काढला नाही.

तेवढ्यात संक्रांत आली. हळदीकुंकवाला दरवर्षी मी बायकांना वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटते.

"यंदा प्लास्टिक नको," हे म्हणाले. "पर्यावरणाचं भान ठेव जरा. काहीतरी सजीव लुट. हिरवं."

"बरं," मी म्हटलं. बाई एका शब्दात 'बरं' म्हणाली की पुरुषानं थोडं घाबरावं. हे घाबरले नाहीत. हळदीकुंकवाच्या रविवारी गच्चीवरच्या शेतीचं शिबिर होतं बेलापूरला, तिकडे गेले. डब्यात मेथीची भाजी दिली होती, तीही बाजारातलीच.

संध्याकाळी अकरा बायका आल्या. नाव घ्यायचा आग्रह झाला, तर मी म्हटलं,

"तुळशीला घालते पाणी, वांग्याला घालते खत,
सुधीररावांच्या शेतीपुढे माझं कुठं चालतं मत!"

हसल्या सगळ्या. मग मी प्रत्येकीला कुंकू लावलं, झाडालाही बोट लावलं, आणि उचलून हातात दिलं. शेजारच्या चारुलता वहिनींना टोमॅटो गेला.

"अगं बाई, बादलीसकट?"

"बादलीसकट. आणि बादली परत नको."

"भाऊजींना विचारलंत का?" त्या कुजबुजल्या.

"त्यांचीच आयडिया," मी म्हटलं, आणि त्यात तिळाएवढंही खोटं नव्हतं. एकदा हळदीकुंकू लागलं की ते वाण. सवाष्णीला दिलेलं वाण परत मागणारा माणूस आमच्या सातारा जिल्ह्यात अजून जन्मायचाय. पाइपसुद्धा गेला, दोघींनी धरून नेला. मी गॅलरी धुतली, खुर्ची खाली काढली, पुसली, आणि चहा टाकला. माझ्यापुरता.

हे आले तेव्हा चेहरा उतरलेला. लिफ्टमध्ये त्यांना त्यांचाच पालक भेटला होता, कुणाच्या तरी कडेवर. चपला काढून सरळ गॅलरीत गेले. मी कप हातात घेऊन मागे उभी, भांडायच्या पूर्ण तयारीत. काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं.

हे भांडलेच नाहीत. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि खुर्चीत बसले. पाय लांब केले.

"मोकळं वाटतंय गं," हे म्हणाले. "वारा काय मस्त येतो इथं! तुला जागाच हवी होती तर आधी सांगायचंस ना." आणि मागे न बघता हात पुढे केला. "चहा आण."

असा राग आला म्हणून सांगू! डोळ्यांत पाणीच आलं. त्या अकरा झाडांची दया आली मला. बिचारी मुकी झाडं, उगाच लोकांच्या दारोदार गेली. माझी जागा त्यांनी घेतलीच नव्हती.

"उठा," मी म्हटलं.

"काय?"

"उठा. इथं मी बसते."

बत्तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना 'उठा' म्हटलं ते फक्त सकाळी, नाहीतर जेवायला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, कपाकडे बघितलं, आणि उठले. खरंच उठले! दारात जाऊन उभे राहिले.

"मग मी कुठं बसू?" हे म्हणाले.

"बघा, घरात कुठं मिळते का जागा," मी म्हटलं, आणि चहा गरम होता तोवर प्यायले.